जुन्या माणसाचा साक्षीदार

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र नेहमीप्रमाणे तुझ्या दातांच्या कारखान्यावर पाठवतोय, घरी नाही. दाजींच्या नजरेला माझं अक्षर पडू द्यायचं नाही हा आपला अकरा वर्षांचा नियम मी काही मोडणार नाही. पण आधी हातातला कुणाचा जबडा असेल तो खाली ठेव आणि स्टुलावर बस.

मी बाप्तिस्मा घेतोय. हसून झालं की पुढे वाच.

तुला आठवत असेल, चौदा महिन्यांपूर्वी मला एका गादीवालीनं बोलावलं होतं. तिच्या पहिल्या मजल्यावरच्या गोदामाच्या छतातून पाणी ठिबकून नव्याकोऱ्या गाद्या भिजत होत्या. वर दुसऱ्या मजल्यावर एका छोट्या ख्रिस्ती मंडळीची प्रार्थनेची खोली आहे. तिथे व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली एक हौद निघतो, माणूस आडवा बुडेल एवढा. गळत होता तो हा हौद. मी जुना गिलावा फोडला, सांधे भरले, कोपरे गोल करून घेतले, आणि पाणी भरून पातळीची खूण करून बसलो. आमच्या धंद्यात खरं काम हेच, खुणेकडे बघत बसणं. मी बसलो होतो आणि तिथल्या पाळकबाई रिकाम्या बाकांसमोर रविवारच्या उपदेशाची तालीम करत होत्या. पूर्वी त्या बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे नव्या जन्माबद्दल बोलताना अजिबात लाजत नाहीत. तीन दिवस मी हौद बघितला आणि त्यांचं ऐकलं. तेव्हापासून दर रविवारी जातो, आणि तेव्हापासून प्यायलेलो नाही. हे तुला मागेच लिहिलं होतं, त्यावर तू पंधराव्या महिन्यात बघू असं उत्तर पाठवलंस.

आता अडचण सांगतो. इथे एक रीत आहे. पाण्यात उतरणाऱ्याला स्वतःचा साक्षीदार आणावा लागतो. त्यानं हौदाच्या काठावर उभं राहून हा माणूस आजवर कसा होता ते सगळ्यांसमोर सांगायचं. गोड बोलायचं नाही. मागे एकानं आणलेल्या मित्रानं त्याची फारच स्तुती केली, तर बाईंनी दोघांनाही घरी पाठवलं आणि नीट ओळखणारं कुणीतरी आणा म्हणून सांगितलं. साक्षीदार नसेल तर हौदाची फळीसुद्धा उचलत नाहीत. इथे तर सगळे मला सभ्य गृहस्थ समजतात. जुन्या मला मुळापासून ओळखणारी या जगात तूच उरली आहेस.

मार्चचा दुसरा रविवार ठरलाय. येशील? आलीस तर काही लपवू नकोस.

माया आजवर केलीस तशीच राहू दे.
तुझा,
धाकटा

•

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की एका बाईच्या खालच्या कवळीत एक दाढ उलटी बसवली. ती बाई आता उजवीकडून चावायला लागली की तुझं नाव घेईल.

आपल्या घरात देवाचं नाव निघायचं ते फक्त पायाला ठेच लागली की. त्या घरातून तू थेट हौदात. असो. माझी साक्ष तयार आहे, फक्त तुमच्या बाईंना विचार की दुपारच्या जेवणाची सुट्टी मिळेल का, कारण एका बैठकीत आटोपणार नाही. बाबांच्या चष्म्यानं मुंग्या जाळल्यास. माझ्या परीक्षेच्या दिवशी घराची किल्ली खिशात घालून पोहायला गेलास. शेजारच्या काकांच्या टाकीत मासा सोडलास आणि वर तो स्वतःच आला म्हणून सांगितलंस. हे सगळं तू शुद्धीत केलेलं. शुद्ध हरपल्यावरचं निराळं.

आता एक शंका. तुझ्या पहिल्या जन्माला आईला दोन दिवस लागले होते. मी सात वर्षांची होते, दाराबाहेर बसून सगळं ऐकलंय. डोकं आधीपासूनच मोठं तुझं. तर या दुसऱ्या जन्माच्या कळा कोण सोसणार? तू ओला होऊन वर येणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि झालं? इतक्या सोप्या बाळंतपणावर माझा विश्वास नाही.

आणि चेष्टा पुरे करून एक लिहिते. त्या दिवशी माझा वाढदिवस होता. तू पिऊन आलास. तुझे दाजी एवढंच म्हणाले की जेवून घे आणि आतल्या खोलीत झोप. त्यावर तू त्यांच्या तोंडावर ठोसा दिलास. वरचे समोरचे दोन दात गेले. पालिकेच्या बँडमध्ये ते पहिलं ट्रंपेट वाजवायचे हे तुला ठाऊक आहे. मी त्यांना दात बनवून दिले, माझ्या हातून झालेलं सगळ्यांत सुबक काम आहे ते. त्या दातांनी काकडी खाता येते, ट्रंपेट फुंकता येत नाही. त्याला ओठांमागे स्वतःचे दात लागतात. अकरा वर्षं ते त्याच बँडमध्ये मोठा ड्रम बडवतात. कुणाचं डोकं समजून बडवतात ते मी कधी विचारलेलं नाही. घरात तुझा विषय निघाला तर ते तुला "तुझा तो" म्हणतात, आणि तेही वर्षातून एखाद्या वेळी.

देव तुला माफ करेल रे. त्याचं काय गेलं? त्याला कुठे ट्रंपेट वाजवायचं होतं.

येते की नाही ते अजून ठरवलेलं नाही. राग धरू नकोस. अंगात लोकरीचा स्वेटर घालत जा.

तुझी,
ताई

•

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मुंग्यांचं मी विसरलो होतो.

कळांची शंका पाळकबाईंना जशीच्या तशी सांगितली. त्यांना ती फार आवडली. त्या म्हणाल्या की दवाखान्यात त्यांनी काही हजार जन्म पाहिले, पण एकाही बाळानं स्वतः काही केलेलं पाहिलं नाही. बाळ फक्त येतं, कष्ट दुसऱ्याचे. कृपा म्हणतात ती हीच, असं त्यांचं म्हणणं. म्हणूनच इथली दुसरी रीत अशी की ज्याला पाण्यात उतरायचंय त्यानं त्या पाण्याला हात लावायचा नाही. हौद भरायचा इतरांनी, त्यानं नुसतं उतरायचं. मी भांडलो. म्हटलं, हौद माझा, सांधे माझे, पाणी किती ओतायचं ते मला कळतं. बाई म्हणाल्या, तुझी हीच खोड मोडायची आहे. हौद नीट केलास त्याबद्दल उपकार, पण त्याच्या बदल्यात नवा जन्म मिळत नाही, तो असाच मिळतो.

ताई, मला हे पटवून घ्यायला त्रास होतो, आणि का ते तुलाच सांगतो. मी गळती शोधणारा माणूस. पाणी थांबलं तर का थांबलं हे मला सांगता आलंच पाहिजे. हौदाचं काम संपलं त्या आठवड्यात एका सकाळी उठलो आणि लक्षात आलं, प्यावंसंच वाटत नाहीये. मी शपथ घेतली नव्हती, औषध घेतलं नव्हतं, निर्धार बिर्धार तर अजिबात नव्हता. माझे निर्धार तू पाहिलेस. वीस वर्षांची गळती बंद झाली आणि कुणी बुजवली ते मला आजतागायत सापडलेलं नाही. सगळीकडे ठोकून पाहिलं. शेवटी बाई ज्याचं नाव घेतात त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण दुसरं कुणी ते काम केल्याचं कबूल करत नाही.

दाजींबद्दल. मी त्यांना नऊ पत्रं लिहिली आणि नऊही फाडली. माफी मागायची तर समोरच्यावर ती देण्याचं ओझं येतं. ज्यांचं ट्रंपेट मी घालवलं त्यांच्यावर वर आणखी हे ओझं कसं टाकू? देवाकडे मागायला मला लाज वाटली नाही. त्यांच्याकडे मागायला वाटते. त्यांनी मला माफ न करताच मी नवा झालो तर तो नवेपणा किती खरा, हे मी रोज स्वतःला विचारतो.

तू ये. दातांचं आणि ट्रंपेटचंही सांग. ते राहिलं तर साक्ष खोटी ठरेल.

वाट बघतो. माझ्यावर रागव, पण ये.
तुझा,
धाकटा

•

५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र तुला रविवारच्या आधी मिळेल की नंतर, कोण जाणे. मी येणार होते. रजा टाकली होती, साक्षीचे मुद्देही कागदावर काढले होते. आणि काल कारखान्यात ओल्या प्लास्टरवरून घसरले. आयुष्यभर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे काढले, आता स्वतःचा पाय गुडघ्यापर्यंत त्याच प्लास्टरमध्ये आहे. सहा आठवडे.

मला घरी आणलं तेव्हा माझी पिशवी तुझ्या दाजींनी उचलली. ती उलटी झाली आणि तुझी सगळी पत्रं खोलीभर पसरली, अकरा वर्षांची; सहा आठवडे कारखान्यात राहायला नकोत म्हणून मी निघताना खणातून काढून घेतली होती. मी पलंगावरून बघत राहिले, उठता येईना. त्यांनी एकेक उचललं, तारखेप्रमाणे लावलं आणि खुर्ची ओढून वाचायला बसले. जेवणाची वेळ टळून गेली. मग ड्रमचे पट्टे घट्ट करत बसले, ते आधीच घट्ट होते.

आज सकाळी त्यांनी विचारलं की "तुझ्या त्याच्या" गावाला जाणारी गाडी किती वाजता असते. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले की ज्याला साक्षीदार हवाय त्याला खरा साक्षीदार मिळायला हवा, तू तर बहीण, तू पांघरूण घालशील.

धाकट्या, मला भीती वाटतेय. ते रागानं येतायत की कशानं, मला कळत नाही. सव्वीस वर्षं ज्यांच्याशी संसार केला त्यांच्या मनातलं मला कळू नये याची लाजही वाटते. काहीही बोलले तरी ऐकून घे. तू हात उचललास तर मात्र तुझ्या नव्या जन्माचा मी शेवट करेन.

सांभाळून राहा, आणि त्यांनाही सांभाळ.
तुझी,
ताई

•

रविवार, ९ मार्च, संध्याकाळ

प्रिय बाईसाहेब,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. गाडीत खिडकी मिळाली. पाय उंचावर ठेवतेस ना? हे पत्र तुझ्या त्याच्या खोलीतून लिहितोय. खोली स्वच्छ आहे. बाटली शोधली, पलंगाखालीही वाकून पाहिलं. नाही.

सकाळी त्या गादीवालीच्या दुकानापाशी पोचलो तर वर नुसता गोंधळ. हौद कोरडा ठणठणीत. झालं होतं असं की काल लोकांनी पाणी भरून ठेवलं होतं. तुझा तो पहाटेच येऊन आपली खूण बघून गेला. पातळी बोटभर खाली. त्याला वाटलं आपलं काम गळतंय, गाद्या पुन्हा भिजणार. घाबरून त्यानं निचऱ्याचं बूच उपसलं, सगळं पाणी सोडून दिलं आणि आत उतरून सांधे चाचपत बसला. सांधे ठीक होते. बोटभर पाणी कमी कशानं, तर त्यांच्या बाईंनी फरशी पुसायला दोन बादल्या त्यातून घेतल्या होत्या. देवाच्या भरवशावर निघालेला माणूस, पण स्वतःच्या हाताचा भरवसा नाही. आणि नळाचं पाणी तोवर गेलेलं. पाणी होतं ते फक्त खालच्या अंगणातल्या हातपंपाला.

मी जिना चढून वर गेलो तर तो पांढरा झगा घालून भिंतीशी खुर्चीवर बसला होता. पाण्याला हात लावायची त्याला बंदी. मला पाहून उठला. चेहरा असा झाला की मारायचं असेल तर मारा. अकरा वर्षं या क्षणासाठी मी वाक्यं जमवली होती, ती खिशात लिहूनही आणली होती. पण सगळेजण बादल्या घेऊन जिन्यानं वरखाली करत होते, मी मध्ये उभा, वाट अडवून. कुणीतरी माझ्या हातात बादली दिली. नको म्हणायला सुचलं नाही.

मग भरतच राहिलो. दोन मजले, चाळीस पायऱ्या, माझा गुडघा तुला माहीत आहे. धाप लागली की दात सरकतात, म्हणून काढून शर्टाच्या खिशात टाकले. दर खेपेला त्याच्यासमोरून जात होतो. तो बसल्या जागी रडत होता. मोठा माणूस झग्यात बसून रडतो ते काही चांगलं दिसत नाही. चौथ्या खेपेला त्यानं उठून माझ्या बादलीला हात घालायचा प्रयत्न केला. मी त्याला खाली बस म्हणून दरडावलं. बसला. खरं सांगू, पहिल्या दहा बादल्या मी रागानंच ओतल्या. पुढे पुढे राग कुठे ठेवला ते आठवेना, लक्ष फक्त हौद भरतोय का याकडे.

हौद भरला तेव्हा साक्षीची वेळ आली. मी कागद काढला, तो घामानं भिजून त्याची अक्षरं पसरली होती. तोंडात दात नाहीत, अंगात दम नाही. मी एवढंच सांगितलं की याला मी ओळखतो, यानं माझे दोन दात पाडले, त्यांच्या जागी बसवलेले हे माझ्या खिशात आहेत, त्यात माझं ट्रंपेट गेलं, आणि हे पाणी मी भरलंय, तर आता बुडवा. पाळकबाई म्हणाल्या की इतकी पुरी साक्ष त्यांनी आजवर ऐकली नव्हती.

बुडवायला दोघं लागतात. बाई ठेंगण्या आणि दुसऱ्या बाजूनं नेहमी धरणारे म्हातारे शिंपी बादल्या वाहून जिन्यावरच आडवे झालेले. म्हणून दुसरा दंड मला धरावा लागला. बाईसाहेब, तुझ्यापाशी कबूल करतो: खाली दाबल्यावर मी त्याला जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ दाबून ठेवला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग वर ओढला. जड आहे तो. सगळा जोर माझाच लागला. वर आला, नाकातोंडातून पाणी, डोळे मिटलेले, श्वासासाठी तोंड उघडलेलं, आणि माझा दंड असा घट्ट धरलेला की अजून वळ आहेत. आपल्याला मूल झालं नाही. पण मूल पहिल्यांदा हातात येतं तेव्हा कसं वाटत असेल ते मला कळलं. मला फार बरं वाटलं, आणि इतकं बरं वाटल्याचा रागही आला.

दिसायला तोच आहे. नाक तेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो शिंकला.

माफ केलं का, असं तू विचारशील. ते मला सांगता येणार नाही, कारण नेमकी ती गोष्ट करायची राहूनच गेली. बादल्यांच्या गडबडीत लक्षात आली नाही. आता पुन्हा मागे जाऊन करायची म्हटली तर काही उरलेलं सापडत नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं निघतो. पाय हलवू नकोस.

तुझाच,
ड्रमवाला

•

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाच तारखेचं पत्र आज मिळालं. दाजी येऊन, राहून, गेल्यावर. बरं झालं. आधी मिळालं असतं तर मी पळून गेलो असतो.

तुला काय लिहू? तुझ्या शंकेचं उत्तर मिळालं, एवढं लिहितो. खुर्चीवर बसून मी एकेक बादली वर येताना बघत होतो. मला उठून मदत करायची होती, पाय धरायचे होते, काहीतरी करून फेडायचं होतं, आणि मला ते करू दिलं नाही. नुसतं बसून घ्यावं लागलं. इतकं कठीण काम मी जन्मात केलं नव्हतं. चौदा महिने जे ऐकत होतो ते मला त्या दिवशी कळलं, ते दाजींच्या गुडघ्यानं शिकवलं. पाण्याखाली ते जरा जास्त वेळ झालं तेव्हा मला वाटलं की हेही त्यांचंच आहे, घेऊ देत. आणि मग त्यांनीच वर काढलं.

नवा झालो का? काल एका गिऱ्हाइकावर ओरडलो. मग मागे जाऊन त्याची क्षमा मागितली. पूर्वी फक्त पहिला भाग करायचो.

एक घोटाळा झालाय. दाजींचे दात इथेच राहिलेत, खिडकीतल्या पेल्यात. मी स्वच्छ पाणी घालून ठेवलेत. कापसात गुंडाळून, डबीत घालून आजच टपालानं पाठवू का? त्यांचे खायचे हाल होत असतील.

तुझ्या पायाला आणि त्यांच्या गुडघ्याला आराम पडो. ओढ आहे तशी राहू दे.
तुझा,
धाकटा

•

१७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दात पाठवू नकोस.

ते परत आले ते तसेच, फट पडलेल्या तोंडानं, आणि जिन्यावरून शीळ घालत. दोन दात नसताना शीळ कशी वाजते ते मी लिहून सांगू शकत नाही, पण सूर बरोबर होता. मी दातांचं विचारलं तर राहिले म्हणाले. अकरा वर्षांत ते दात कुठेही राहिलेले नाहीत. हा माणूस अंघोळीला जातानाही दात कुठे ठेवले ते मला सांगून जातो.

मी म्हटलं, साचा कपाटात आहे, पलंगावर बसल्या बसल्या दोन दिवसांत नवे करून देते. नको म्हणाले. मी म्हटलं, मग टपालानं मागवू. त्यालाही नको. महिनाअखेरीला स्वतः जाऊन आणतो, तोवर मऊ खाईन. तिथल्या हातपंपाचं वायसर गेलंय, तेही बघायचंय म्हणे. वायसर तू बदलायचं नाहीस, तसा निरोप आहे.

काल बँडमधले त्यांचे दोस्त मला बघायला आले होते. एकानं विचारलं की दात कुठे गेले. मी श्वास रोखून बसले, कारण या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होतं आणि त्यानंतर कुणी बोलत नसे. ते उशी माझ्या पायाखाली नीट करत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं की दात मेहुण्याकडे ठेवलेत.

मेहुणा. अकरा वर्षांनी. मी तोंड भिंतीकडे करून घेतलं, पाय दुखतोय म्हणून सांगितलं.

पेल्यातलं पाणी रोज बदल. हे तुला करायची परवानगी आहे.

तुझी,
ताई